गाडी मागं जाते, पुढं जात नाही

ऐंशी-नव्वदच्या दशकातली ऑटोमॅटिक मर्सिडीज घेऊन आलेल्या माणसानं “गाडी मागं जाते, पुढं जात नाही” एवढंच सांगितलं, तरी जाणत्या मिस्त्रीचं अर्धं निदान तिथंच झालेलं असतं. इंजिन नीट चालतंय. ‘आर’मध्ये टाकली की गाडी बिनतक्रार मागं सरते. ‘डी’मध्ये टाकली की इंजिनाचा आवाज चढतो, पण चाकं जागची हलत नाहीत. तेलाची पातळी बरोबर आहे, लिव्हरची जोडणी जागेवर आहे. मग संशय एकाच वस्तूवर येतो. गिअरबॉक्सच्या कुशीत, एका गोल झाकणामागं बसलेला, तळहातावर मावणारा एक पिस्टन. कारखान्याच्या पुस्तकात त्याचं नाव ‘बी-टू’.

हा पिस्टन ब्रेकचा आहे, पण पायाखालच्या ब्रेकशी त्याचा काही संबंध नाही. गिअरबॉक्सच्या आत फिरणारा एक ड्रम धरून ठेवणं, एवढंच त्याचं काम. तो ड्रम जागेवर रोखला गेला, तरच गाडी पुढं न्यायला इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत पोहोचतो. पिस्टनची सगळी हालचाल काही मिलिमीटरांची. त्यातला एखादा मिलिमीटर हरवला किंवा रबराच्या एका कडेतून तेल निसटलं, तर दीड टनाची गाडी रस्त्यात उभी राहते. पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका गॅरेजात असा पिस्टन बाहेर निघताना, तपासला जाताना आणि नवा बसताना मी पाहिला. मिस्त्री साठीच्या घरातले. नाव छापायचं नाही, या अटीवर त्यांनी मला जवळ उभं राहू दिलं.

हा ब्रेक काय करतो हे कळायला आधी एपिसायक्लिक गिअरची रचना डोळ्यांसमोर आणायला हवी. हाताच्या गिअरबॉक्समध्ये दोन समांतर दांड्यांवर दातेरी चाकांच्या जोड्या असतात आणि आपण लिव्हरनं एकेक जोडी कामाला लावतो. ऑटोमॅटिकमध्ये चाकं एकमेकांच्या पोटात बसवलेली असतात. मधोमध सूर्यचाक, त्याच्याभोवती ग्रहचाकं, ग्रहचाकांना धरणारी एक चौकट, आणि सगळ्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं कंकण. दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात, कधीच सुटत नाहीत. गिअर बदलतो तो दुसऱ्या कारणानं. सूर्यचाक, चौकट आणि कंकण या तिघांपैकी कोणाला मोकळं सोडलं, कोणाला इंजिनाला जोडलं आणि कोणाला गिअरबॉक्सच्या कवचाला बांधून निश्चल केलं, यावर वेग आणि जोर ठरतो.

समजा सूर्यचाकाला ३६ दाते आहेत आणि कंकणाला ७२. कंकण धरून ठेवलं, सूर्यचाक फिरवलं आणि चौकटीतून जोर बाहेर घेतला, तर सूर्यचाकाच्या ३ फेऱ्यांना चौकटीची १ फेरी होते. हा चढ चढायचा गिअर झाला. आता त्याच चाकांत सूर्यचाक धरलं आणि कंकण फिरवलं, तर प्रमाण होतं दीडास एक. आणि चौकटच धरून ठेवून सूर्यचाक फिरवलं, तर कंकण उलट दिशेनं फिरतं, दोनास एक या प्रमाणात. म्हणजे रिव्हर्स. एक दातासुद्धा न बदलता तीन वेगळे गिअर, तेही फक्त ‘कोणाला धरायचं’ एवढ्या निर्णयावर. मला यंत्रशास्त्रातली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते. या कल्पनेत धरणाऱ्याचं काम फिरणाऱ्याइतकंच मोठं आहे. दोन फिरते भाग एकमेकांना जोडणारा तो क्लच, आणि फिरता भाग स्थिर कवचाला बांधणारा तो ब्रेक. दोघांनाही पिस्टन असतात. पण ब्रेकचा पिस्टन कवचातच बसलेला असतो, स्वतः फिरत नाही. क्लचच्या पिस्टनमागचं तेल फिरण्यामुळे बाहेर फेकलं जाऊन दाब वाढवतं, म्हणून त्याला खास उपाय करावे लागतात. ब्रेकच्या पिस्टनला ती कटकट नाही. त्याचं दुखणं वेगळं असतं.

धरण्याचं हे काम सुरुवातीला माणूस पायानं करत होता. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत याच जातीचे गिअर होते. तीन ड्रम, तीन पट्टे, तीन पेडल. डावं पेडल दाबलं की एक पट्टा ड्रमला आवळायचा आणि गाडी कमी वेगाच्या गिअरमध्ये चालायची. मधलं पेडल रिव्हर्सचं, उजवं थांबायचं. पट्ट्यांना आतून सुती अस्तर असायचं, ते इंजिनाच्याच तेलात भिजलेलं असायचं आणि झिजायचं. मालक स्वतः वरचं झाकण उघडून पट्टे आवळायचे, अस्तर बदलायचे. थांबायचा पट्टा गुळगुळीत झाला, तर लोक रिव्हर्सचं पेडल दाबून गाडी थांबवायचे. १९२७पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बनल्या. म्हणजे आज जे काम ‘स्पेशालिस्टचं’ म्हणून लांब ठेवलं जातं, ते एके काळी शेतकऱ्याच्या अंगणात होत होतं.

पायाची जागा तेलाच्या दाबानं घेतली ती जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिकमध्ये. १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांतून ती बाजारात आली. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलातून जोर पोहोचवणारं जोडयंत्र होतं. ती कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यानं १९०५मध्ये जहाजांसाठी काढली होती. त्यामागं एपिसायक्लिक गिअर, आणि त्यांना धरणारे पट्टे आता पिस्टननं आवळले जात होते. दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यांत बसला. त्यानंतर घराघरांतल्या गाड्यांत तो गेला, इतरांनी त्याचे भाऊबंद बनवले, पण पट्टा, ड्रम आणि पिस्टन हे त्रिकूट अर्धं शतक तसंच राहिलं.

पिस्टनवर किती जोर येतो ते हिशेबानं पाहू. ६० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन धरला, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. मागून १० बार दाबाचं तेल आलं, तर तो सुमारे २९० किलो वजनाइतक्या जोरानं पुढं सरतो. पिस्टनची पिन पट्ट्याच्या एका टोकाला रेटते, दुसरं टोक कवचातल्या खुंटीला टेकलेलं असतं. पट्टा ड्रमभोवती जवळजवळ पूर्ण वेढा घालून असतो, आणि इथं घर्षण आपली कमाल दाखवतं. ससून डॉकवर खलाशी होडीचा दोर लोखंडी खुंटाला दोन वेढे देऊन एका हातानं अख्खी होडी धरून ठेवतो, तोच नियम. तेलात भिजलेल्या अस्तराचा घर्षणांक ०.१२ आणि वेढा ३३० अंशांचा धरला, तर एका टोकाला जितका ताण, त्याच्या दुप्पट ताण दुसऱ्या टोकाला तयार होतो. ड्रमची ओढ योग्य दिशेनं असली, तर ती पट्ट्याला आणखी आवळत पिस्टनला मदत करते. उलट दिशेनं असली, तर पिस्टनलाच मागं रेटते. म्हणून कोणता ड्रम कुठल्या गिअरमध्ये कुठल्या बाजूला ओढणार, हे पाहूनच पट्ट्याचं टोक आणि पिस्टनची जागा ठरवलेली असते.

आता आपल्या ‘बी-टू’कडे येऊ. मर्सिडीजचा चार गिअरचा ७२२.३ हा ऑटोमॅटिक बॉक्स १९८०च्या सुमारास आला. लहान इंजिनांसाठी त्याचीच छोटी आवृत्ती ७२२.४. त्यात दोन क्लच, दोन पट्ट्यांचे ब्रेक आणि एक प्लेटांचा ब्रेक. ‘बी-टू’ हा पट्ट्याचा ब्रेक पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये ड्रम धरून असतो, चौथ्यात सोडतो. रिव्हर्सचं काम प्लेटांच्या ‘बी-थ्री’कडे. त्यामुळे ‘बी-टू’ गेला की पुढं निघायचे सगळे रस्ते बंद, रिव्हर्स मात्र शाबूत. सुरुवातीचं निदान एका वाक्यात होतं ते यामुळे.

या गाड्या आपल्याकडे दोन वाटांनी आल्या. आयातीवर कडक बंधनं होती त्या काळात परदेशातून कायमचे परतणारे लोक सामानासोबत गाडी आणत. दूतावासांच्या गाड्याही सरकारी व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात. मग १९९४मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि १९९५पासून पुण्यात, टेल्कोच्या आवारात डब्ल्यू-१२४ मॉडेलची जुळणी सुरू झाली. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९चा. मी पाहिलेली गाडी पहिल्या वाटेनं आलेली, तिशी ओलांडलेली. मालकांच्या वडिलांनी आखातातून आणलेली. एका ठिकाणी त्यांना संपूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितलं गेलं होतं. तो आकडा ऐकून त्यांनी गाडी जवळजवळ भंगारात काढायचं ठरवलं होतं.

मिस्त्रींनी पहिल्यांदा काहीच उघडलं नाही. तेलाची कांडी काढून वास घेतला, बोटांवर चोळून रंग पाहिला. “ताई, आधी साधं बघायचं. तेल कमी असलं तरी गाडी पुढं जात नाही. लोक गिअरबॉक्स उतरवून बसतात आणि निघतं काय, तर दोन लिटर तेल.” तेल पुरेसं होतं, थोडं काळपट, पण जळका वास नव्हता. मग त्यांनी दाबाची केबल आणि व्हॅक्यूमची नळी तपासली. त्यानंतरच गाडी घोड्यांवर चढली.

गिअरबॉक्सखालचं तेलाचं चेंबर खोलायच्या आधी तेल दोन ठिकाणांहून काढलं, चेंबरच्या बोल्टातून आणि इंजिन व गिअर यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरच्या बोल्टातून. कन्व्हर्टरला तेल काढायची सोय या बॉक्समध्ये आहे, आजच्या बहुतेक बॉक्समध्ये नाही. चेंबरच्या तळाशी जे साचतं ते वाचता आलं पाहिजे. राखाडी, बोटाला गुळगुळीत लागणारा थर म्हणजे वयाप्रमाणे झालेली झीज. चमकणारे कण म्हणजे धातू खरवडला जातोय. काळे चिवट तुकडे म्हणजे अस्तर जळालं. इथं पातळ राखाडी थर होता आणि बाकी काही नाही. मिस्त्रींचा चेहरा उजळला. पट्टा वाचला होता.

ब्रेकच्या झाकणाला बाहेरून एक मोठी सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी कडी, असते आणि झाकणामागं जबरदस्त जोराची स्प्रिंग. सर्क्लिप तशीच काढली, तर झाकण उडून तोंडावर येतं. मिस्त्रींनी स्वतः बनवलेला एक लोखंडी पाट कवचाच्या बोल्टांवर आडवा बसवला, त्यातल्या स्क्रूनं झाकण आत दाबलं, मगच सर्क्लिप सोडवली आणि स्क्रू हळूहळू मोकळा केला. झाकण आलं, स्प्रिंग आली आणि पाठोपाठ पिस्टन. प्लॅस्टिकचा पिस्टन मधल्या भागात फुटलेला होता. जी पिन पट्ट्याला रेटते तिचा आधारच गेला होता, त्यामुळे मागून कितीही दाब आला तरी पट्ट्यापर्यंत काही पोहोचत नव्हतं.

या बॉक्सच्या जुन्या पिस्टनचं हे जगभरच्या मिस्त्रींना ठाऊक असलेलं दुखणं आहे. नंतरच्या काळात त्याची सुधारलेली, अधिक मजबूत आवृत्ती आली, आणि दुरुस्तीसाठी तीच वापरतात. पण पिस्टन फुटतो तो बहुतेकदा चालकाच्या सवयीमुळे, असं मिस्त्री ठामपणे सांगतात, आणि यंत्राची रचना पाहता त्यांचं म्हणणं पटतं. थंड इंजिन सुरू झाल्याबरोबर त्याचे फेरे चढलेले असतात. त्याच क्षणी ‘डी’ टाकला, की ड्रमला झटका देऊन थांबवायचं काम ‘बी-टू’वर येतं. गाडी मागं सरकत असतानाच ‘डी’ टाकला, तर झटका त्याहून मोठा. तीस वर्षांच्या, गरम तेलात उकळून ठिसूळ झालेल्या प्लॅस्टिकला असा एकच झटका पुरतो. इंजिनाचे फेरे खाली येईपर्यंत काही सेकंद थांबणं आणि गाडी पूर्ण उभी राहिल्यावरच लिव्हर हलवणं, एवढ्या दोन गोष्टी पाळल्या, तर या पिस्टनचं आयुष्य कितीतरी वाढतं.

पिस्टन बाहेर आला, तरी नवा बसवण्याआधी बराच वेळ जातो, आणि खरं कौशल्य तिथं आहे. ज्या पोकळीत पिस्टन सरकतो तिची भिंत ॲल्युमिनियमची. मिस्त्रींनी आतून प्रकाश टाकून ती पाहिली, मग अंगठ्याचं नख सगळ्या घेरावरून फिरवलं. नखाला अडकेल अशी चीर असली, तर नवी सीलसुद्धा तिथून तेल सोडणार. पुसायला सुती फडकं वापरलं नाही. सुताचा एक धागा तेलाचा दाब वाटणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक छिद्रात गेला, की दुसराच गिअर अडकतो. हाताशी ठेवलेला मुलगा सवयीनं फडकं उचलायला गेला, तसे ते म्हणाले, “पोरा, ते पायपुसणं चाकांना. इथं हवा मारायची आणि हातानंच पुसायचं.”

रबराबद्दल ते बोलू लागले, तेव्हा मी वही मिटून नुसती ऐकत राहिले. पायाच्या ब्रेकमध्ये ग्लायकॉलचं द्रव असतं आणि त्यासाठी इपीडीएम जातीचं रबर चालतं. तेच रबर खनिज तेलात टाकलं, की फुगून दुप्पट होतं आणि पिस्टन जागेवर चिकटतो. गिअरबॉक्सच्या तेलात नायट्राइल रबर लागतं, जास्त उष्णतेच्या जागी व्हिटॉन. इपीडीएम आणि नायट्राइल, दोन्ही रबरं काळी, दोन्ही गोल, माप एकच. नाना पेठेत मापाची ओ-रिंग मागितली, तर मिळते. तिची जात मात्र नजरेला कळत नाही. “दहा रुपयांची रिंग घालून पन्नास हजारांचं काम बिघडवणारे मी बघितलेत,” मिस्त्री म्हणाले. त्यामुळे ते गिअरबॉक्सच्या नावाचं सीलबंद किट मागवतात आणि ते येईपर्यंत गाडी तशीच उभी ठेवतात. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून बॉक्सचं कवच, झाकण, अगदी ड्रमसुद्धा ते आणतील. रबर आणतील ते नवंच.

सील बसवण्याची एक दिशा असते. ओठ असलेली सील असेल, तर ओठ दाबाच्या बाजूला, म्हणजे तेलाचा दाबच त्याला भिंतीवर चेपतो. उलट बसवली, तर दाब तिला दुमडतो. ओठ पोकळीच्या काठावर आत घेताना दुमडू नये म्हणून मिस्त्रींकडे एक हत्यार आहे. बारीक नळीत ओवलेली पोलादी तारेची वेटोळी. ती ओठाच्या कडेनं फिरवत फिरवत ते सील आत घेतात. सीलला ग्रीस लावत नाहीत. ग्रीस गरम तेलात नीट विरघळत नाही, गोळे होऊन जाळीत आणि व्हॉल्व्हमध्ये जातं. पेट्रोलियम जेली लावतात, कारण ती तेलात विरघळून जाते.

मग पिनची लांबी. पट्टा मोकळा असताना ड्रमला घासायला नको आणि पिस्टन थोडा सरकला की आवळायला हवा. म्हणजे मधली फट अचूक हवी. अमेरिकी क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट बॉक्समध्ये त्यासाठी बाहेरून स्क्रू असे. ७२ इंच-पाउंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ८ न्यूटन-मीटर आवळायचा, मग मॉडेलप्रमाणे ठरलेले फेरे मागं घ्यायचा. पुष्कळ बॉक्समध्ये असा स्क्रू नसतो. वेगवेगळ्या लांबीच्या पिना मिळतात, त्यातली योग्य निवडावी लागते. फट जास्त राहिली, तर पिस्टन सगळं अंतर कापेपर्यंत इंजिन मोकळं घुमतं. कमी राहिली, तर पट्टा कायम घासून जळतो. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना तर ‘बी-टू’ सुटायचा आणि दुसऱ्या बाजूचा क्लच धरायचा, हे जवळजवळ एकाच क्षणी व्हावं लागतं. उशिरा सुटला, तर दोन गिअर एकमेकांशी झगडतात आणि गाडीला हिसका बसतो. लवकर सुटला, तर मधल्या वेळात इंजिन उसळतं. प्रवाशाला हे सगळं एका सेकंदाच्या आत, नकळत घडायला हवं.

झाकण बसवून सर्क्लिप खाचेत नीट बसल्याची खात्री झाल्यावर मिस्त्रींनी व्हॉल्व्ह बॉडी उतरवलेलीच असताना कवचातल्या तेलाच्या वाटेतून दोन-अडीच बार दाबाची हवा सोडली. आतून ठक् असा दबका आवाज आला. पट्टा आवळला. हवा बंद केली, तसा सुटला. पुन्हा सोडली, पुन्हा आवाज. हवा धरून ठेवून त्यांनी कान लावला. कुठूनही फुसफुस नव्हती. या चाचणीला पाच मिनिटं लागतात. ती न करता चेंबर बसवणाऱ्याला, चूक निघालीच, तर सगळं पुन्हा खोलावं लागतं.

तेलाचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण या ब्रेकचं निम्मं चरित्र तेल घडवतं. ऑटोमॅटिकच्या तेलाकडून एकाच वेळी उलट्या अपेक्षा असतात. त्यानं दाते आणि बेअरिंगं निसरडी ठेवायची आणि त्याच वेळी पट्ट्याला, प्लेटांना मात्र धरू द्यायचं. त्यासाठी त्यात घर्षण बदलणारी द्रव्यं मिसळतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत यासाठी स्पर्म व्हेलच्या डोक्यातलं तेल वापरलं जात होतं. व्हेलच्या शिकारीवर आणि तेलावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. व्हेल वाचवण्याची ती लढाई महासागरात चालली होती आणि तिचा परिणाम गिअरबॉक्सच्या पट्ट्यावर उमटत होता. आज प्रत्येक बॉक्सचं तेल वेगळं असतं. ‘ऑटोमॅटिकचं कुठलंही लाल तेल’ हे वाक्य मिस्त्री गॅरेजमध्ये कोणालाही बोलू देत नाहीत.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. फुटलेला भाग हाताच्या पंज्याएवढा होता. दुरुस्तीचा खर्च संपूर्ण बॉक्सच्या किमतीचा एक लहानसा अंश होता. तरीही ‘युनिट बदला’ हा सल्ला सहज दिला गेला, कारण आत काय मोडलंय हे पाहण्याची, वाचण्याची आणि तेवढंच बदलण्याची तयारी नव्हती. तयारी नसण्याला एकट्या मिस्त्रीचा आळस कारण नाही. माहितीच बंद ठेवली जाते. २०१४मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगानं १४ वाहननिर्मात्या कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. डिसेंबर २०२२मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पोर्टल असणं चांगलंच. भोसरीच्या मिस्त्रीला हवं असतं ते त्याहून नेमकं असतं. या ब्रेकला किती दाब मिळायला हवा, फट किती असावी, पिना कोणत्या लांबीच्या मिळतात, सीलचं रबर कोणतं.

जुन्या मर्सिडीजसाठी ही माहिती कारखान्याच्या छापील पुस्तकांतून मिळाली आणि मिस्त्रींकडे त्यांच्या झेरॉक्स आहेत, तेलकट आणि कडा दुमडलेल्या. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मात्र दुसरा बॉक्स उघडून ठेवला होता. चाकणमध्ये बनलेल्या एका एसयूव्हीतला, सहा गिअरचा जपानी ऐसिन. त्यात प्लेटांच्या ब्रेकवर अधिक भर आहे. पोलादी आणि कागदी अस्तराच्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या. त्यांच्यामागं कवचात कड्यासारखा पिस्टन. त्याला परत आणणाऱ्या छोट्या स्प्रिंगांची एक चळत, आणि ती दाबायला आणखी एक घरगुती पाट. त्या पिस्टनच्या कडेला रबर पोलादावर चिकटवूनच येतं, म्हणजे सील वेगळी बदलता येत नाही, पूर्ण पिस्टनच घ्यावा लागतो. नव्या कागदी प्लेटा तेलात अर्धा तास भिजवून मगच बसवायच्या. सगळ्या रचनेनंतर फट मोजायची, दर कागदी प्लेटमागं साधारण पाव मिलिमीटर हा अंदाज धरून. फट जास्त निघाली, तर जाड सर्क्लिप, कमी निघाली, तर पातळ.

मिस्त्रींनी डायल गेज लावून ती मोजली आणि आकडा खडूनं टेबलावर लिहिला. त्या बॉक्ससाठी ठरलेलं नेमकं माप मात्र त्यांच्याकडे नव्हतं. अशाच दुसऱ्या, नीट चालणाऱ्या बॉक्सची फट मोजून त्यांनी आपली एक नोंदवही तयार केली आहे. गाडीचं मॉडेल, बॉक्सचा क्रमांक, प्लेटांची संख्या, मोजलेली फट, घातलेल्या सर्क्लिपची जाडी. हाताशी ठेवलेला मुलगा आता ती वही फोनमध्ये उतरवून घेतो आहे. त्याच्यासाठी त्यांनी एक स्तंभ वाढवला आहे, आणि तो स्तंभ म्हणजे गाडी परत आली का, आली असली तर कशासाठी.